टाकीतली लाल साय

गेल्या पावसाळ्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होतं. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. मी मात्र त्या दिवसांत आणखी एका पाण्याच्या काळजीत होतो. आमच्या बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी आहे. तिच्या तळाच्या पांढऱ्या वाळूवर एका सकाळी तळहाताएवढा लालसर जांभळा डाग दिसला. दोन दिवसांत तो ताटलीएवढा झाला. आठवड्यात अर्ध्या वाळूवर कुणी मखमल अंथरल्यासारखं दिसू लागलं. दुपारी त्यावर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटलेले असत. काडीने उचललं तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा निघून येई आणि हाताला साचलेल्या गटारासारखा वास राही.

ही टाकी माझी नव्हे, मुलाची. बारावीनंतरच्या सुट्टीत त्याने ती उभी केली आणि दोन वर्षं जिवापाड सांभाळली. आमच्या लहानपणी काचेच्या बरणीतला गोल्डफिश म्हणजे हौसेची परमावधी. ह्याला समुद्र हवा होता. कोल्हापूरपासून समुद्र घाट उतरून तीन-चार तासांवर. तो घरात आणायचा तर मिठाचं पाणी बनवावं लागतं, आणि तेही साध्या मिठाचं नाही. त्यासाठी खास क्षार मिळतात. ते गाळलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मिसळायचे, खारटपणा मोजायचा, पाणी 25-26 अंशांवर ठेवायचं आणि लाटांसारखं हलतं ठेवायचं. आमची टाकी साधारण 190 लिटरची. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी, एक छोटा गोबी, दोन कोळंब्या, काही शंख आणि कृत्रिम खडकावर वाढवलेले मऊ प्रवाळ. कठीण सांगाड्याचे, म्हणजे खरी खडकं बांधणारे प्रवाळ आमच्याकडे नाहीत. ते आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून तोडून आणणं म्हणजे वाघाची शिकार करण्याइतकाच गुन्हा. ज्याला ते बघायचे असतील त्याने मालवणला जावं. तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. तोंडाला काच लावून पाण्यात मान घातली की प्रवाळ दिसतात.

जूनमध्ये मुलगा पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेला. जाताना त्याने एका वहीत सगळं लिहून दिलं. किती वाजता दिवे लावायचे, कधी पाणी बदलायचं, कुठला पंप कधी धुवायचा, माशांना किती खायला घालायचं. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अब्बा, घाई करू नका. टाकीत वाईट गोष्टी पटकन होतात, चांगल्या सावकाश होतात.’ मी ती वही कपाटात ठेवली. तीस वर्षं हिशेबतपासनीस म्हणून नोकरी केलेल्या माणसाला एक टाकी सांभाळायला काय लागतं, असं मला वाटलं.

डाग दिसला तेव्हा मी त्याला शेवाळ समजलो. दात घासायचा जुना ब्रश घेतला, खसाखसा घासलं, पाणी गढूळ झालं, संध्याकाळपर्यंत निवळलं. चौथ्या दिवशी डाग पुन्हा हजर, आणि आता चार जागी. मुलाला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला.

“अब्बा, घासलं का तुम्ही?”

“घासलं की. मग काय, तसंच ठेवू?”

“घासून ते मरत नाही, सगळीकडे पसरतं. नळी लावून ओढून बाहेर काढायचं. आणि ते शेवाळ नाही, बॅक्टेरिया आहे.”

इथून माझा अभ्यास सुरू झाला. याचं शास्त्रीय नाव सायनोबॅक्टेरिया. आपण त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो, पण ते नाव दोन्ही बाजूंनी फसवं आहे. ते शेवाळ नाही, आणि माझ्या टाकीतलं तर निळंही नव्हतं, हिरवंही नव्हतं. त्याच्या अंगात हरितद्रव्यासोबत एक लाल रंगद्रव्य असतं, त्यामुळे ते विटकरी, किरमिजी, जांभळट असं काहीही दिसू शकतं. झाडांसारखं ते उन्हावर जगतं आणि प्राणवायू सोडतं. दुपारचे ते मोत्यांसारखे बुडबुडे म्हणजे प्राणवायूच. पण त्याच्या पेशीची घडण जिवाणूची. ओळखायची खूणही सोपी आहे. खरं शेवाळ दगडाला मुळासारखं धरून असतं, उपटावं लागतं. ही साय नुसती पांघरलेली असते, फुंकर मारल्यासारखा पाण्याचा झोत आला तरी उचलली जाते. रात्री दिवे बंद झाले की ती विरळ होते. सकाळी वाटतं गेली बुवा. दुपारी बघावं तर पुन्हा जागेवर.

आता दोष कुणाचा, हे शोधणं आलं. हिशेबतपासनिसाची सवय जात नाही. पहिला संशय पाण्यावर. आमच्या भागात थेट पाइपलाइनचं पाणी येतं, ते प्यायला उत्तम आहे. पण नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतातच, आणि त्यातला फॉस्फेट हा या जिवाणूंचा खुराक. म्हणून टाकीसाठी ते तीन-चार टप्प्यांत गाळावं लागतं आणि गाळलेल्या पाण्याचा मीटरवरचा आकडा शून्य यावा लागतं. मी मीटर लावला, आकडा आला 14. शेवटच्या नळकांड्यातलं रेझिन संपलं होतं आणि मी महिनाभर बघितलंच नव्हतं. वहीत ते तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. नवं रेझिन भरलं. दुसरा संशय दिव्यांवर. ते दहा तास चालू असत, सातवर आणले. तिसरा संशय पाण्याच्या हालचालीवर. जिथे पाणी संथ, तिथे घाण बसते आणि तिथेच ही साय पहिली धरते. आमचा डाग नेमका खडकाच्या मागे, झोत न पोचणाऱ्या कोपऱ्यात सुरू झाला होता. पंपाचं तोंड तिकडे वळवलं. दर तिसऱ्या दिवशी नळीने साय ओढून काढायची, सोबत 20 लिटर पाणी बादलीत यायचं, तेवढंच नवं बनवून घालायचं. म्हणजे दर वेळी 700 ग्रॅम क्षार. बायको म्हणाली, “अहो, एवढं मीठ तर लोणच्याच्या हंगामातही लागत नाही आपल्याला.”

फरक पडला, पण अर्धामुर्धा. दोन दिवस वाळू पांढरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा मखमल. ती साय आता मऊ प्रवाळांवर चढू लागली होती. एरवी फुलासारखे उघडणारे ते जीव मिटून बसले. मुलाला रोज फोटो पाठवायचो आणि रोज तो एकच सांगायचा, “अब्बा, थांबा. दीड-दोन महिने लागतात.” मला थांबणं जमेना. पोराने विश्वासाने सोपवलेली गोष्ट आपल्या हातात सडते आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो आला की हे बघणार, ही लाज होती.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. जिवाणू आहेत ना, मग अँटिबायोटिकने मरतील, असा सरळ हिशेब मी केला. तो हिशेब चुकीचा नाही. एरिथ्रोमायसिन नावाचं जुनं औषध सायनोबॅक्टेरियावर चालतं आणि टाकी पाळणारे बरेच लोक ते वापरतात. आमचे मेहुणे औषधांच्या दुकानात आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं हे औषध, पण साल्याला नाही कसं म्हणणार? “माशांना ताप आलाय काय?” म्हणत त्यांनी दोन पाकिटं दिली. मुलाला मी सांगितलं नाही.

औषध घातल्यावर स्किमर फेसाने भरून वाहू लागला. स्किमर म्हणजे पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे घुसळून मळ वर काढणारं यंत्र. फेस खोलीभर होईल म्हणून मी तो बंद केला. दिवेही बंद ठेवले, टाकीवर चादर टाकली. तिसऱ्या दिवशी साय जवळजवळ नाहीशी झाली होती. पापुद्रे राखाडी होऊन विरघळत होते. मी खूश होऊन झोपलो.

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट अशी. मेलेली साय कुजते. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. अंधारात नवा प्राणवायू तयार होत नाही. आणि पाण्यात हवा मिसळणारं यंत्र मीच बंद केलेलं. वीसेक रुपयांचा हवेचा दगड आणि एक छोटा पंप लावला असता तर भागलं असतं.

पहाटे फजरला अम्मी उठली. नमाज झाली की ती टाकीजवळच्या खुर्चीवर तसबीह घेऊन बसते. तिचीच हाक आली. क्लाउनफिशच्या जोडीतली मोठी मादी पाण्याच्या वरच्या थराजवळ आडवी तरंगत होती. नर तोंड वर करून धापा टाकत होता. मी चादर काढली, स्किमर चालू केला, तांब्याने पाणी उचलून वरून ओतत राहिलो. नर वाचला, गोबी वाचला. एक कोळंबी गेली, मादी गेली.

अम्मी काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “भुके मर गए बिचारे.” मी चिडून म्हणालो, “अम्मी, उपाशी नाही मेले, गुदमरून मेले. माझ्यामुळे मेले.” तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. ते का पटलं नव्हतं हे मला पुढे कळलं.

मुलाला फोन करून सगळं सांगितलं. औषधाचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काय हे अब्बा.” एवढंच. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आणखी एक गोष्ट त्या सकाळी सलत राहिली. औषधाचं पाणी बदलताना मी दोन बादल्या मोरीत ओतल्या होत्या. आमचं घर दसरा चौकापासून जवळ. इथल्या मोऱ्यांचं पाणी जयंती नाल्याला जातं, जयंती नाला पंचगंगेला. रोगजंतू औषधांना दाद देत नाहीत असं आपण वाचतो तेव्हा दोष दवाखान्यांवर आणि कोंबड्यांच्या फार्मवर टाकून मोकळे होतो. दोन बादल्या माझ्याही होत्या.

तीन आठवड्यांत साय परत आली. त्याच कोपऱ्यात, त्याच रंगाची.

त्या संध्याकाळी मी रंकाळ्यावर फिरायला गेलो. कोल्हापूरच्या माणसाला दुसरं कुठे जायचं असतं? पदपथावर भेळेच्या गाड्यांचा वास, समोर शालिनी पॅलेस, पाण्यावर संध्याकाळचा प्रकाश. पाणी बघताना मला जुना रंकाळा आठवला. आधी त्यात केंदाळ माजलं होतं. लोकांनी श्रमदान केलं, ट्रकच्या ट्रक केंदाळ काढलं. तळं मोकळं झालं, फोटो निघाले. पुढे 2012 च्या सुमारास सगळं पाणी हिरवंगार झालं. कुणी ऑइलपेंटचे डबे ओतल्यासारखं. काठाने चालताना नाकाला रुमाल लावावा लागे. ते केंदाळ नव्हतं. ती मायक्रोसिस्टिस नावाची साय होती, माझ्या टाकीतल्या सायीच्याच कुळातली, आणि तिच्या काही जाती तर यकृताला घातक असं विष सोडतात. केंदाळ गेलं तरी केंदाळाला पोसणारं पाणी येतच होतं. श्याम सोसायटीच्या नाल्यातून, आसपासच्या वसाहतींच्या गटारांतून. एक खाणारा काढला, पंगत तशीच मांडलेली, तिच्यावर दुसरा येऊन बसला. पुढे सांडपाणी वळवायची कामं झाली, गणपती विसर्जन शेजारच्या इराणी खणीकडे गेलं, तसं पाणी हळूहळू बरं होत गेलं. नाले पूर्ण थांबेपर्यंत ती तक्रार संपणार नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

माझी टाकीही तशीच होती. मी केंदाळ काढत बसलो होतो. नाला कुठून येतोय, हे मला सापडलेलं नव्हतं.

घरी येऊन मी कपाटातली वही काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. मग मुलाच्या टेस्ट किटने पाणी तपासलं. फॉस्फेट लिटरमागे 0.4 मिलिग्रॅम, म्हणजे हवं त्याच्या चार-पाच पट. नायट्रेट मात्र शून्य. मला वाटलं, शून्य म्हणजे उत्तमच. पण वहीत लिहिलं होतं की शून्य वाईट. कारण या कुळातल्या पुष्कळ जिवाणूंना पाण्यात विरघळलेला हवेतला नायट्रोजन वापरता येतो, जो शेवाळाला आणि प्रवाळाला वापरता येत नाही. पाण्यात नायट्रेट नाही आणि फॉस्फेट भरपूर, अशी स्थिती आली की बाकीचे उपाशी राहतात आणि ह्यांचं राज्य येतं. हेच जिवाणू आपल्या गगनबावड्याकडच्या भातखाचरांत फुकटचं खत देतात. भातजमिनीचा कस टिकवण्यात त्यांचा वाटा आहे हे पी. के. डे यांनी 1939 साली दाखवलं. खाचरात ज्याला खत म्हणतात, त्यालाच मी घाण म्हणत होतो.

प्रश्न उरला, एवढं फॉस्फेट येतं कुठून? पाणी आता शून्याचं होतं. क्षार तेच होते. उरलं माशांचं खाणं. दोन बोटांएवढ्या माशांना दिवसातून एक चिमूट, असं वहीत होतं आणि मी तेवढंच घालत होतो. मी डबी उघडली. मुलगा जाताना नवी आणून ठेवली होती, सहज सहा महिने जावी अशी. ती संपत आली होती. शेजारी आणखी एक डबी होती, मी न आणलेली. तीही निम्मी.

तीस वर्षं लोकांच्या वह्यांतली गळती शोधणाऱ्या माणसाला आपल्या घरातली दिसायला अडीच महिने लागले.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी झोपायच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. अम्मी खुर्चीवर बसली होती. एका हातात तसबीह. दुसऱ्या हाताने ती डबीतून खाणं काढत होती आणि थोडं थोडं पाण्यात सोडत होती. तो एकटा उरलेला नर तिच्या बोटांशी येऊन नाचत होता. ती त्याच्याशी बोलत होती. माझ्या अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली होती. नातू जूनमध्ये गेला. दिवसभर आम्ही दोघं आपापल्या कामात. ह्या घरात तिला बघून धावत येणारा तो एकच जीव होता.

दुसरी डबी तिने कोपऱ्यावरच्या पोराकरवी मागवली होती. आणि मी औषधाचे तीन दिवस चादर टाकून खाणं बंद केलं, तेव्हा तिने चादरीची कड उचलून नेहमीपेक्षा जास्त घातलं होतं. उपाशी मरतील म्हणून. ते सगळं तळाशी कुजलं. म्हणजे त्या मादीच्या मरणात माझ्या उतावीळपणासोबत तिची मायाही होती. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही, आणि ती आमच्या घरचा इंटरनेट वापरत नाही म्हणूनच इथे लिहितो आहे.

पण खाणं थांबवायला तर सांगावं लागणार होतं. चहा झाल्यावर मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, “अम्मी, माशांना तू सकाळी घालतेस ना, ते जास्त होतंय. पाणी त्यानेच खराब होतंय.”

“भुके रहते वो. देखते रहते मेरे तरफ.”

“मासे नेहमीच बघतात अम्मी. त्यांचं पोट भरलेलं असलं तरी बघतात.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मराठीत म्हणाली, अगदी शांतपणे, “मलाही तुम्ही असंच मोजून देता. आंबा नको, भात कमी, चहात साखर नाही. आता त्याचंही मोजायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला मधुमेह आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, हे सगळं खरं. पण गेल्या दोन वर्षांत तिच्या हातून एक एक गोष्ट आम्ही काढून घेतली होती, हेही खरं. आधी गॅसजवळ जाणं, मग बाजार, मग गोड. प्रत्येक वेळी तिच्या भल्यासाठी. आता तिच्या हातातली चिमूटही काढून घ्यायला मी आलो होतो.

त्या रात्री मुलाला सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “अब्बा, दादीला बंद नका सांगू. तुम्ही बंद करा. सगळं तिलाच द्या.”

उपाय त्याचा, डबी माझी. अम्मीच्या गोळ्यांसाठी आम्ही सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी आणली होती, सोमवार ते रविवार. तशीच दुसरी आणली. दर रविवारी अम्मी, बायको आणि मी बसतो आणि प्रत्येक कप्प्यात एक चिमूट खाणं भरतो. सकाळी अम्मी आधी स्वतःच्या डबीतला कप्पा उघडते, मग माशाच्या. दिवसभरात दुसरं कुणी टाकीला हात लावत नाही. मी तर नाहीच नाही. पहिल्या आठवड्यात ती दोनदा पुढच्या दिवसाचा कप्पा उघडताना सापडली. मग तिनेच हिशेब धरला. आता मी चुकून डबीजवळ गेलो तरी विचारते, “आज का हो गया, कायकू खोल रहे?”

बाकीचं वहीत होतं तसं केलं. आठवड्यातून एकदा साय ओढून काढणं आणि 20 लिटर पाणी बदलणं, त्याहून जास्त नाही. फॉस्फेट ओढून घेणारी लोहाची खडी एका पिशवीत घालून पंपाच्या वाटेत ठेवली, तीही थोडीच, कारण एकदम ओढलं तर प्रवाळ उपाशी मरतात. औषध नाही, चादर नाही. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. मी रोज सकाळी टाकीकडे न बघायची शपथ घ्यायचो आणि रोज बघायचो. चौथ्या आठवड्यात सायीचा रंग फिका झाला. सहाव्यात वाळूवरून ती गेली, खडकाच्या मागे राहिली. खडकावर खरं हिरवं शेवाळ दिसू लागलं आणि शंख ते खरवडू लागले. आठव्या आठवड्यात फॉस्फेट 0.08 वर आलं, नायट्रेट 5 वर. दिवाळीच्या सुट्टीला मुलगा आला तेव्हा प्रवाळ पुन्हा उघडले होते.

त्याने टाकीभोवती फिरून बघितलं. मागच्या कोपऱ्यात अजून रुपयाएवढा लाल डाग होता. मी म्हटलं, “एवढा राहिलाय, जात नाही.” तो म्हणाला, “राहू द्या. तो असतोच. थोडा दिसतो तोपर्यंत काळजी नाही. त्याच्याकडे बघूनच कळतं पाणी कसं आहे ते.”

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी तेव्हापासून बऱ्याच जणांना सांगितली आहे. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो ह्याच कुळाच्या जिवाणूंमुळे. पुढे त्यांच्यातलाच एक दुसऱ्या पेशीच्या आत जाऊन राहिला आणि तिथेच रमला. झाडांच्या पानांतले हिरवे कण ही त्याची वंशावळ. प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ असतं, त्याच्यातलं उन्हावर चालणारं यंत्रही शेवटी तिकडूनच आलेलं. ज्याने माझे प्रवाळ गुदमरवले आणि ज्याच्यावर प्रवाळ जगतात, ते दोघं एकाच घरचे. मारून संपवायची ही गोष्टच नव्हती. तिला किती वाढू द्यायचं, हे आपण पाण्यात काय आणि किती टाकतो त्यावर ठरत होतं.

क्लाउनफिशचंही एक आहे. जोडीतली मादी गेली की उरलेला नर काही महिन्यांत स्वतःच मादी होतो. आमचा तो आता अंगाने भरला आहे, चाल बदलली आहे. अम्मी त्याला अजून ‘बिचारा’च म्हणते. ईदला येताना मुलगा एक छोटा जोडीदार आणणार आहे. त्या दिवसापासून कप्प्यात एक नाही, दीड चिमूट भरायची, असं अम्मीने आत्ताच ठरवून टाकलं आहे. मी सव्वा म्हणालो होतो. घासाघीस चालू आहे.